बोरकेरीच्या शिवारातली नावं

महिपतराव केसकरांनी बोरकेरीच्या पारावर नकाशा पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि तिथंच त्यांचं नशीब फुटलं. सरकारी माणूस, नकाशा आणि दगड एकत्र दिसले की काय होतं, हे अक्कलकोट भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जमीन जाते. त्यातून कमाल जमीन धारणेच्या कायद्यानं गावोगावी झोप उडालेली.

केसकरांना कुणाची वीतभरही जमीन नको होती. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका खोलीत जुन्या ठिकाणांचा नकाशा तयार होत होता आणि ते तिथले हंगामी कारकून होते. माळांची, ओढ्यांची जुनी नावं अर्थासह गोळा करायची, एवढंच काम. अट मात्र कडक: दोन गावकऱ्यांना वेगवेगळं विचारलं तरी नाव आणि अर्थ सारखेच आले पाहिजेत. बोरकेरी पुरी झाली तर नोकरी कायम, नाहीतर टेंभुर्णीला सासऱ्यांच्या पेंडीच्या दुकानात. सासऱ्यांनी गल्ल्याशेजारी स्टूल आणूनही ठेवलं होतं.

"त्या उंचवट्याला काय म्हणता, पाटील?"

"भुताचा माळ की," चनमल्लप्पा पाटील म्हणाले. "तितं कुसळबी उगवत न्हाय."

"अहो, समोर ज्वारी डुलतेय!"

"ती भुतं पेरत्यात."

शेजारच्या ईरप्पानं त्याच उंचवट्याला सापाचा माळ म्हटलं आणि वर सांगितलं, "लई वंगाळ शिवार हाय, सायेब. फुकट घेतलं तरी सरकार बुडंल."

केसकर हताश झाले. त्यांनी सगळ्यांना पारावर बोलावून हात जोडले. "देवाशप्पथ, जमीन घ्यायची नाही. उलट गावाचं भलंच होईल!"

हे दुसरं चुकलं. दुष्काळानंतर सरकारी भलं म्हणजे विहीर नाहीतर पाझर तलाव, असं गावानं पक्कं धरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भुताचा माळ गंगेचा माळ झाला. पाटलांच्या मते गंगा त्यांच्या बांधाला होती, ईरप्पाच्या मते त्याच्या. दुपारी दोघांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या. सोडवायला गेलेल्या केसकरांचा चष्मा फुटला. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!

केसकर त्या उंचवट्यावर जाऊन बसले आणि चक्क रडले. भर उन्हात, मोठ्यानं. खुरपायला आलेल्या शिवम्मानं त्यांच्यापुढं भाकरी ठेवली.

"रडू नगा, सायेब. खावा."

"मावशी, मला फक्त खरं नाव हवंय हो."

"खरं सांगून आमाला काय मिळनार?"

"काहीच नाही."

"मग कोन सांगंल?"

पुढच्या महिन्यात केसकरांचे वरिष्ठ हिरेमठसाहेब सोलापूरहून पडताळणीला आले. त्यांनी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं आणि केसकरांच्या नकाशावर लाल फुल्या मारत गेले. एकही नाव टिकलं नाही. केसकरांच्या डोळ्यांपुढं स्टूल आलं.

शेवटी उंचवटा उरला.

"रडक्या सायबाचा माळ," पाटील म्हणाले.

साहेबांनी ईरप्पाला लांब नेऊन विचारलं. "रडक्या सायबाचा माळ की." खुरपणाऱ्या बायकांनीही तेच सांगितलं. गावात कधी नव्हे ते एकमत झालं होतं.

"अर्थ काय?"

"हितं एक सायेब पोरावानी रडला," शिवम्मा म्हणाली आणि तिनं केसकरांकडं बोट केलं. "ह्ये काय, ह्येच!"

"वा!" साहेब खूश झाले. "अख्ख्या शिवारात हे एकच अस्सल नाव. लिहा, केसकर, अर्थासकट."

"पण साहेब, नाव जुनं हवं ना? हे तर महिन्यापूर्वीचं."

"होईल की जुनं."

केसकरांनी वळणदार अक्षरात लिहिलं. एका नावावर नोकरी काही टिकली नाही. पोळ्याच्या आधीच ते टेंभुर्णीच्या स्टुलावर बसून पेंड विकू लागले. नकाशात मात्र ते कायम झाले.