परचुरे डोंगरावरून बोलतायत

परचुरे डोंगर चढताना सारखे बोलत असतात, पण आमच्याशी नाही. शर्टाच्या वरच्या खिशात फोन रेकॉर्डिंगवर लावलेला असतो आणि परचुरे हनुवटी खाली घालून त्या खिशाला सगळं सांगत असतात.

"आता डावीकडे वळतोय. वाट अरुंद झालीय. उजव्या हाताला फर्न, कमरेएवढे. ओल आहे. पाय घसरतोय, पण फार नाही. पुढे मीनल चाललीय, तिच्या बुटाची लेस सुटलीय. मीनल, लेस. सांगितलं तिला."

मीनल म्हणजे मी. सिडनीत ब्लॅकटाउनला राहते, एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि रविवारी परचुऱ्यांच्या मागून डोंगर चढते. हा उद्योग दोन वर्षांपूर्वी सुरू झाला. चाळिशी उलटली तेव्हा जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, रिपोर्ट बघून "चालायला लागा" असं सांगितलं होतं, आणि त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज आला. "रविवारी सकाळी चालायला जाऊ. छोटी चाल. थोडा चढ. चहा आपापला आणावा. – अ. परचुरे." अंगठे सत्तावीस आले, माणसं अकरा आली. पहिल्याच खेपेला चौघांच्या मोज्यात जळवा निघाल्या आणि दुसऱ्या रविवारी आम्ही चारच उरलो. ते अजून आहोत.

परचुरे साठी ओलांडलेले. दुसरा प्रसाद. तो कॅसल हिलचा, आयटीतला, आणि चालण्याचं जेवढं म्हणून सामान बाजारात मिळतं तेवढं त्याच्या अंगावर असतं. तिसरी ज्योती. स्टुडंट म्हणून आली, पीआर मिळून कायमची इथलीच झाली, आता एजेड केअरमध्ये नर्स आहे आणि हॅरिस पार्कला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. आठवडाभर म्हाताऱ्यांना उठवून बसवल्यामुळे असेल, कुठल्याही चढावर तिला दम लागत नाही.

दम लागतो तो परचुऱ्यांना. दिसला बाक की बसले. सगळ्या वाटांवरचे बाक त्यांना तोंडपाठ. "अजून दहा मिनिटं" हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ती दहा मिनिटं पुढच्या बाकापर्यंतची असतात, हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं.

ते इथे येण्याआधी अकरा वर्षं वेल्समध्ये होते, तिकडच्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून. त्यामुळे सिडनीजवळचे हे ब्लू माउंटन्स त्यांच्या पसंतीला उतरणं कठीण. "हे न्यू साऊथ वेल्स," ते म्हणतात, "आम्ही जुनं पाहिलंय."

"तिथला डोंगर कसा, समोर दिसतो. हिरवा, गोल, शहाण्यासारखा. आपण खालून वर जायचं, वरून खाली यायचं. इथे गाडी वर लावायची, आधी खाली उतरायचं आणि पाय मोडल्यावर मग चढायचं. याला डोंगर म्हणतात? ही विहीर आहे."

पावसाबद्दलही तेच. तिथला पाऊस म्हणे भुरभुर पडतो, माणसाला चालू देतो. तिथे शेताच्या कुंपणावरून पलीकडे जायला लाकडी पायऱ्या असतात. तिथे एकदा धुक्यात बसून डबा खाताना एक मेंढी आली आणि मांडीवरची पोळी घेऊन शांतपणे निघून गेली. ही मेंढी आम्ही इतक्या वेळा ऐकलीय की प्रसाद तिला नावाने ओळखतो. नाव त्यानेच ठेवलंय.

ते रेकॉर्डिंग कशासाठी, यावर आमच्यात मतभेद होते. प्रसादचं म्हणणं, परचुऱ्यांचं यूट्यूब चॅनल असणार. त्याने आठवडाभर शोधलं, सापडलं नाही. ज्योतीला वाटायचं ते पुस्तक लिहितायत. माझी मुलगी इरा बारा वर्षांची आहे, तिने एकदा आमच्याबरोबर येऊन ती कॉमेंटरी ऐकली आणि घरी आल्यावर म्हणाली, "मे बी ही इज अ स्पाय, मम."

मी एकदा सरळ विचारलं.

"पुरावा ठेवतो," परचुरे म्हणाले.

"कशाचा?"

"चाललो त्याचा."

त्यांच्याकडे घडी घातलेला एक कागदही असायचा. फाटा आला की तो काढून वाचायचे आणि भलत्याच मागण्या करायचे. कुठल्याशा ओढ्याला पाणी आहे का, हे बघायला त्यांनी आम्हाला एकदा उलट्या दिशेला नेलं. पाणी होतं. "घोट्याएवढं. थंड. तळाला लाल गोटे," असं खिशाला सांगितलं आणि परत फिरले. एकदा एक पान चुरगळून सगळ्यांच्या नाकाखाली फिरवलं. "वास कसला? नीट सांगा." ज्योती म्हणाली, लिंबाचा. प्रसाद म्हणाला, व्हिक्सचा. "लिंबू आणि थोडं व्हिक्स," खिशात नोंद झाली.

आणि एकदा लायरबर्ड. हा पक्षी जंगलातल्या बाकी सगळ्या पक्ष्यांच्या नकला करतो. झुडपात तो खुडबुडताना दिसला, तसं परचुऱ्यांनी आम्हाला जागच्या जागी उभं केलं. प्रसादच्या घड्याळाने "तुम्ही बराच वेळ हललेला नाहीत" म्हणून टुक् केलं, तेव्हा ते घड्याळ त्याला काढून बॅगेत घालायला लावलं. शेवटी एकदाचा तो पक्षी गायला लागला. परचुऱ्यांनी फोन खिशातून काढून हात उंच धरला आणि गाणं संपेपर्यंत खाली घेतला नाही.

"दुखला नाही हात?" मी नंतर विचारलं.

"दुखला की," ते म्हणाले आणि बाक शोधायला लागले.

एवढं सगळं असूनही त्यांच्याबद्दल आम्हाला काही माहीत नव्हतं. चालून झालं की आम्ही हॅरिस पार्कला जाऊन चहा-कचोरी खायचो. परचुरे एकदाही आले नाहीत. "घरी चहा होतो," म्हणायचे आणि निघायचे. दोन वर्षांत त्यांनी कधी घरी बोलावलंही नाही. सिडनीतल्या मराठी माणसांत हे जवळजवळ भांडण समजतात. प्रसादच्या मते ते चिक्कू होते. मी चढावर एकदा ज्योतीला हळूच म्हटलं होतं, "काकू बहुतेक फार कडक असाव्यात. खाष्ट असतील."

मग यंदाच्या हिवाळ्यातला तो रविवार आला. ओल्या दगडांवरून तीन तास उतरलो, चढलो. पाय कुठे ठेवायचा हे परचुरे प्रत्येकाला सांगत होते. वर आलो, कार पार्कात पोचलो, माझी गाडी पाच पावलांवर राहिली, आणि सपाट डांबरावर परचुऱ्यांचा पाय गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडाच्या गोट्यांसारख्या फळांवर पडला. ते उताणे आडवे झाले.

आम्ही धावलो. परचुरे आभाळाकडे बघत हसत होते. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पडलो," ते खिशाला म्हणाले. "सपाटीवर पडलो." आणि पुन्हा हसायला लागले. आम्हालाही हसू आवरेना. ज्योती एकटी गंभीर होती. तिने बूट काढून घोटा दाबून पाहिला, ओढणीने घट्ट बांधला.

"मोडला नसावा, पण एक्स-रे काढावा लागेल. मेडिकल सेंटरला जाऊ या."

परचुऱ्यांचं हसू तिथे संपलं. "आधी घरी. दोनच्या आत घरी पोचायचंय. मग कुठेही न्या."

त्यांची गाडी ज्योतीला घेऊन प्रसाद मागून आणणार असं ठरलं आणि मी त्यांना माझ्या गाडीत घातलं. त्यांनी खिशातला फोन बंद केला.

"मीनल, एक सांगू? कुणाला बोलू नकोस. मला चालायचा कंटाळा आहे."

"येणारच. एवढा घोटा सुजलाय."

"आजचं नाही म्हणत. जन्मापासून."

सिग्नल लागला तशी मी गाडी थांबवली.

"चालायचं वेड सुनंदाला. माझ्या बायकोला. वेल्समध्ये तिथल्या बायकांबरोबर दर शनिवारी जायची. मी खाली गाडीत पेपर वाचत बसायचो. ती उतरली की थर्मास उघडायचा, एवढंच माझं काम."

"आणि ती मेंढी? तुमच्या मांडीवरची पोळी?"

"तिच्या मांडीवरची. माझा संबंध एवढाच की पोळी मी केली होती."

चार वर्षांपूर्वी सुनंदाकाकूंना स्ट्रोक आला होता. डावी बाजू गेली. "बाकी सगळी आहे," परचुरे म्हणाले, "नको तेवढी आहे. नकाशे बघून वाटा ती काढते. कुठे काय बघायचं, कशाचा वास घ्यायचा, कागदावर लिहून देते. मी जातो, सगळं भरून आणतो, दुपारी तिला ऐकवतो. ती दोन वाजल्यापासून दाराकडे बघत असते. एवढं एकच मागते गं माझ्याकडे. मला आवडत नाही, हे कसं सांगू? तिला वाटतं, मला गोडी लागलीय."

घर ब्लॅकटाउनच्या पलीकडे, छोटंसं, दारात चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. पुढ्यात टेबल, त्यावर नकाशे आणि रंगीत पेन्सिली. त्यांनी आधी पाय बघितला, मग घड्याळ.

"कुठे?"

"कार पार्कात," परचुरे म्हणाले.

"शोभलं. आत जाऊन पाय उशीवर ठेव. फ्रीझरमधलं मटारचं पाकीट घे. मीनल, तू चहा टाकतेस? ओटा माझ्या खुर्चीच्या उंचीचा केलाय, तुला वाकावं लागेल."

त्यांनी मला नावाने हाक मारली होती, हे आधण ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. काकू खुर्ची फिरवून माझ्याजवळ आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "गाडीत सांगितलं ना त्याने तुला? चालायचा कंटाळा आहे म्हणून?"

मी आधणात चहाची पूड घातली.

"बरं, नको सांगूस. त्याला वाटतं, मला माहीत नाही. बत्तीस वर्षं हा माणूस गाडीत बसून होता, आणि आता एकदम डोंगर आवडायला लागले?"

"मग पाठवता कशाला काकू?"

"मी हॉस्पिटलमधून घरी आले आणि याने नोकरी सोडली. सकाळी उठला की माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसायचा. पाणी देऊ? उशी देऊ? मी मान वळवली की हा उभा. मला कुणी अशी बघायला नको म्हणून घरी कुणाला येऊ दिलं नाही. वर्षभर माझ्याशिवाय कुणाशी शब्द बोलला नाही. मला भीती वाटायला लागली, हा माझ्याआधी जातोय की काय. जरा बाहेर जा, माणसांत जा, असं सांगून ऐकेना. मग म्हटलं, मला डोंगर बघायचाय, माझ्यासाठी तू बघून ये. दुसऱ्या दिवशी बूट घेऊन आला. तो ग्रुपवरचा मेसेजसुद्धा मीच लिहिला होता."

"आणि रेकॉर्डिंग ऐकता?"

"सगळं. पण खरं सांगू का, झाडं-ओढे मी पूर्वी खूप बघितलेत. मी तुम्हाला ऐकते. तो कुणाला लेस बांधायला सांगतो, प्रसाद त्याची कशी थट्टा करतो. तुझ्या इराचं शाळेतलं ते प्रकरण मिटलं का?"

मिटलं, म्हणून मी सांगितलं. मग दोन वर्षांत त्या खिशाच्या आसपास आपण काय काय बोललो, ते भराभर आठवायला लागले. काकूंनी माझा चेहरा वाचला.

"खाष्ट," त्या म्हणाल्या. "तेही ऐकलंय. साखर कमी घाल."

चहा गाळून झाला. आतून परचुरे कण्हल्याचा आवाज आला, मग मटारचं पाकीट जमिनीवर पडल्याचा. काकूंनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं.

"एक विचारू? तो तिथे हसतो का गं? तुम्ही हसता, ते ऐकू येतं. त्याचं नाही येत. घरी तर चार वर्षांत नाहीच."

मला खोटं बोलवेना. दोन वर्षं डोळ्यांसमोरून गेली. आम्हाला हसवलं होतं त्यांनी, पण स्वतः? मग मी मघाचं सगळं सांगितलं. डांबर, ती फळं, आभाळाकडे बघत पडलेले परचुरे, आणि त्यांचं ते न थांबणारं हसू.

"मोठ्याने?"

"डोळ्यांत पाणी येईपर्यंत."

"परत सांग. पहिल्यापासून सांग."

मी परत सांगितलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. चहावर साय धरली.

"पुढच्या रविवारी त्याला जमायचं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही तिघं इथे या. चहाला."

"काकांना चालेल?"

"नाही चालणार. पण मी म्हणेन, माझ्यासाठी कर."

आम्ही गेलो. पहिल्या रविवारी परचुरे कुबडी घेऊन दारात असे उभे होते, जणू आम्ही काही विकायला आलोय. दुसऱ्या रविवारी त्यांनी पोहे केले. तिसऱ्या रविवारी ज्योतीने काकूंचे केस धुऊन दिले आणि प्रसादने त्यांच्या नकाशात एक चूक काढली. त्यावर तासभर वाद झाला, प्रसाद हरला. परचुरे स्वयंपाकघराच्या दारात पाय लांब करून ते ऐकत होते. आणि प्रसाद "सॉरी काकू, माय बॅड" म्हणाला तेव्हा ते हसले. काकूंनी नकाशावरून डोळे उचलले नाहीत. पेन्सिल मात्र थांबली.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली. शनिवारी परचुऱ्यांचा फोन आला.

"उद्या आठ वाजता. छोटी चाल. सुनंदाने वाट काढलीय." मग आवाज अगदी खाली गेला. "चढ फार नाही ना गं? तुला दाखवलीय म्हणाली ती."

नकाशाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. जांभळ्या पेन्सिलीने काढलेली वाट सरळ कड्यावर चढत होती, आणि काकूंनी वाटेत चार ठिकाणी बारीक अक्षरात 'बाक' असं लिहिलं होतं.

"नाही काका," मी म्हटलं. "जरासाच आहे."