येताना लांब पडतं

पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन शहरांमधलं अंतर जाताना जेवढं, तेवढंच येताना असतं. या सत्याला आजवर कोणी आव्हान दिलेलं नाही. अपवाद आमच्या खालच्या मजल्यावरचे वाघमारे काका.

काका महाळुंग्याच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला होते. कामगार गेटातून आत कधी आला आणि बाहेर कधी पडला, एवढंच त्यांनी आयुष्यभर पाहिलं. रिटायर झाल्यावर तीच नजर त्यांनी पुण्याजवळच्या आमच्या संत तुकाराम नगरकडे वळवली. दूधवाला रेंगाळला की गॅलरीतून हाक यायची, "भाऊ, आज तुझा हाफ डे!" एका उशिरा पोचलेल्या नवरदेवालाही त्यांनी मांडवाच्या दारात हेच ऐकवलं होतं.

मुलगा मिलिंद नोकरीसाठी लंडनला निघाला तेव्हा काकांनी तिकीट वाचलं. मुंबई सुटणार दुपारी एकला, लंडन येणार संध्याकाळी सहाला.

"इन-पंच, आउट-पंच. पाच तास! चाकणच्या चौकातलं ट्रॅफिक धरलं तर नाशिकला याहून जास्त लागतात, राव."

परतीचं विमान रात्री नऊचं, मुंबईत सकाळी साडेदहाला. "साडेतेरा तास. म्हणजे येताना लांब पडतं."

"काका, तिथलं घड्याळ मागे असतं," मी म्हटलं. " विमान दोन्हीकडून नऊ-साडेनऊ तासच उडतं."

"घड्याळ मागे होतं म्हणणारे गेटवर रोज यायचे. एकाचंही ऐकलं नाही."

पुढे काही वर्षांनी शकुंतलाकाकूंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा काय ते सगळ्यांना कळलं. काकूंची खाट दाराच्या समोर होती, ती त्यांनी हलवू दिली नाही.

"मिल्या निघाला का?"

"निघेल. येताना लांब पडतं, शकू."

"पाच तासांत गेलेलं पोर अजून येतंयच. वाटेत पंक्चर झालं का काय?"

मी हसलो. काका हसले नाहीत.

काकू एका सकाळी गेल्या. बर्फाची पेटी मागवू, मिलिंदसाठी थांबू, असं मी सुचवलं. काका म्हणाले, "नको. लांब पडतं." स्मशानात त्रिसरण-पंचशील झालं. मागून कोणीतरी कुजबुजलं, "पोरगा नाही आला?" काकांनी वळून त्याला दुपारी एकपासून सकाळी साडेदहापर्यंतचा सगळा हिशोब समजावून सांगितला. लोकांनी माना डोलावल्या. हा सिद्धान्त बिनविरोध मान्य झाल्याची ती पहिलीच वेळ.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिलिंद रिक्षातून उतरला. हातात एकच छोटी बॅग. काका गेटवर उभेच होते. त्यांनी आधी बॅगेच्या मुठीवरची विमानाची पट्टी फाडून खिशात घातली, मग पोराला जवळ घेतलं. हाफ डेचं काही बोलले नाहीत.

नंतर जिन्यात मिलिंद भेटला. काय बोलावं कळेना, म्हणून मी लंडनच्या थंडीची चौकशी केली.

"लंडन?" तो म्हणाला. "दादा, मला हैदराबादला येऊन दोन वर्षं झाली. येणं काही जमत नव्हतं. मग बाबाच म्हणाले, आईला फोनवर लंडनच सांगत जा."

हैदराबादहून पुण्याला विमानानं सव्वा तास लागतो. दोन्हीकडून.