भागूबाईच्या देवीचा पहिला धडा

भागूबाईच्या अंगात देवी यायची ती फक्त मंगळवारी, भरदुपारी, आणि तीही शाळेच्या ओट्यावर. कोंबडं नको, नारळ नको. केस मोकळे सोडून ती घुमायची आणि गरजायची, "पाटी कुटं हाय माजी? पाटी आना!"

मुळशीचं धरण बांधत होते, त्या सुमाराला मी कोळवण खोऱ्यातल्या एका वाडीवर मास्तर होतो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. म्हणजे भागूबाई समोर नसताना नव्हता! एरवी ती गोवऱ्या थापणारी, तंबाखू चोळणारी विधवा. दर वाक्याच्या शेवटी "मरूं दे तिकडं." पण देवी आली की बुबुळं वर जायची आणि आवाज पातळ व्हायचा, दहा-अकरा वर्षांच्या पोरीसारखा. रखरखीत उन्हात माझ्या अंगावर काटा यायचा.

पोरीनं अक्षर गिरवलं की नवरा मरतो, असं छातीठोक सांगणारे बाप्येही देवीपुढे गार व्हायचे. बघता बघता सात पोरी शाळेत आल्या. देवीची अट एकच. श्रीगणेशाच्याही आधी एक ओळ शिकवायची: 'आये, मला न्यायला ये.' मला वाटलं, असेल काही मंत्र.

मग बापू धनगरानं आपल्या पोरीला, ठकीला, शाळेतून काढलं. त्या मंगळवारी भागूबाई घुमत घुमत थेट त्याच्या दारात. मागे मी, आणि निम्मी वाडी.

"ठकी कुटं हाय?" तोच पातळ आवाज.

बापूनं हात जोडले. "आये, दुसरं काय बी माग. शेरडं कुनी वळायची? आन् तिचं लगीन ठरतंया."

घुमणं थांबलं. बुबुळं खाली आली. आता खरखरीत आवाज आला, तंबाखूचा.

"बापू, माजी सोनी अकरा वर्साची सासरी धाडली. घाटाखाली. आठ दिस तापात पडली हुती, कुनी सांगावा धाडला न्हाई. पोरीला चार अक्षरं लिवता येत असती, तर..."

पुढे 'मरूं दे तिकडं' यायला हवं होतं. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठकी शाळेत आली. तीन शेरडांसकट.

पुढच्या मंगळवारी देवी आलीच नाही. भागूबाई केस बांधून गुपचूप ठकीच्या मागे बसली. ठकीनं ती ओळ लिहिली. म्हातारीला वाचता येत नव्हतं. पुसली जाऊ नये म्हणून तिनं बोट पाटीच्या जरा वरूनच फिरवलं, शेवटच्या अक्षरापर्यंत.

"आले गं," ती म्हणाली.