करीममियाँची बारीक पटाशी

आमच्या शेजारच्या करीममियाँच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस सापडायचा न्हाई. उजव्या हातावर मात्र रान माजलेलं. पटाशीला धार लावली की डाव्या हातावर फिरवून बघायची, ही त्यांची रीत. केस संपले तवा माझ्या दुकानात येऊन म्हणले, "भाऊ, जरा तुमचा हात द्या." मी शिंपी माणूस, हात गेला तर खाऊ काय? कात्री उचलून दाखवली तवा कुठं गेले.

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. टेंभुर्णीत लाटणी, भोवरे, पाळण्याचे दांडे, सगळं करीममियाँच्याच खरादावर, फिरत्या लाकडाला पटाशी लावून व्हायचं. पण मी सांगतो त्या साली खराद बंद अन् धारेचा दगड चालू. सकाळी उठायचं, दगडावर पाणी शिंपडायचं अन् बारीक पटाशी घासत बसायचं. करंगळीच्या नखाएवढी रुंद. दांड्याला खोल खाच पाडायची ती हिनंच. घासायचं ते फक्त तोंड. "बाजू घासली की लाकडात आडकती, मंग गेली कामातून," हे ऐकून ऐकून गल्लीतल्या म्हशींनाबी पाठ झाल्तं.

गिऱ्हाईक आलं की एकच जवाब, "अजून धार बराबर बसली न्हाई." लग्नं लागून गेली, लाटणं मिळालं न्हाई. लोक नावं ठेवून थकले अन् जालन्याहून माल आणू लागले. मियाँ आपले घासतच.

तशात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली. पहिला पाळणा आजोळचा लागतो. चकरा मारून मारून शेवटी मी भडकलो. "मियाँ, लेकरू चालत येऊन पाळणा मागंल आता! धार लावून राह्यले का पटाशी खाऊन राह्यले?"

त्यांनी पटाशी खाली ठेवली. "धार तर कवाच बसली, भाऊ. पट्टा कोन ओढंल?"

तवा माझ्या ध्यानात आलं. खरादाचा पट्टा त्यांची बायको ओढायची, आमची सुगराभाभी. पट्टा अलीकडं ओढला की लाकूड सुलटं फिरतं, तवा पटाशी टेकवायची. पलीकडं गेला की उलटं फिरतं, तवा उचलायची. एकाचा हात चुकला की बारीक पटाशी मोडलीच. भाभी पावसाळ्यात तापानं गेली. मियाँनी मंग भाड्यानं माणसं लावली, तर त्यांनी पटाश्याच मोडल्या. ही एक उरली.

"ती ओढायची तवा मला तिच्याकडं बघावंबी लागत नव्हतं," मियाँ म्हणले. "आता लाकडाला पटाशी टेकवायचीच भीती वाटती. ही मोडली तर माझं काय राह्यलं?"

मी चपला काढल्या, भाभीच्या जागेवर बसलो अन् पट्टा धरला.

"तुम्हाला जमायचं न्हाई, भाऊ."

"मोडली तर मोडली. बसा."

आधी सगळा घोळच. मियाँ पटाशी टेकवायचे अन् घाबरून उचलायचे. मंग मी त्यांच्या खांद्याकडं बघून ओढू लागलो. खांदा पुढं आला की ओढायचं, मागं गेला की सोडायचं. हळूहळू छिलका पडू लागला, पहिल्या दांड्यावर खाच उमटली. माझे दंड भरून आले, पण मियाँची नजर लाकडावरून हलंना.

तसंच, वर न बघता, ते हळूच म्हणले, "सुगरा, थकली आसशील. जरा पानी पी."

मी पट्टा सोडला. माठातलं पाणी प्यालो, अन् परत ओढायला बसलो.