कपबशी, छत्री आणि रखमाचा कावळा

रखमा गेली, हे चांगूला कळायच्या आधी दोन्ही पॅनलना कळलं होतं!

झालं असं. महाडच्या एका दवाखान्यात चांगूच्या बायकोला, रखमाला ठेवलेलं. सकाळी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "चहा पायजे." चांगू खालच्या टपरीवर गेला. टपरीवाल्याने चहा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिला. ती गरम पिशवी या हातातून त्या हातात करत चांगू जिना चढत होता, तर वळणावर राजेंद्र उभा. राजेंद्र म्हणजे हेदकोंडचा चालू सरपंच. यंदा पुन्हा उभा, चिन्ह छत्री.

"चांगूदादा..." राजेंद्रने त्याचा हात धरला.

चांगूला वाटलं, झाला प्रचार सुरू! यंदा सरपंच थेट लोकांच्या मतांवर निवडायचा होता, त्यामुळे उमेदवार दवाखान्यात, दळणाच्या गिरणीत, कुठेही गाठत होते.

"मताचं बघू रे मागनं. आता सोड, पिशवी फुटंल."

"दादा, मताचं नाही..."

तेवढ्यात राजेंद्रच्या मागून सुहास पुढे आला. हा मुंबईहून परत आलेला, पस्तिशीचा, चिन्ह कपबशी. त्याने दुसरा हात धरला. "काका, हिंमत रखो."

"तुझं पण बघू! दोघांचं बघू! पण हात सोडा रे, ती वर चहासाठी थांबलीय!"

दोघांनीही हात सोडले नाहीत. चांगूने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. वर्षभर हे दोघं एकमेकांच्या सावलीला उभे राहत नव्हते. आता एकाच पायरीवर खांद्याला खांदा लावून उभे होते आणि भांडत नव्हते! तेव्हा चांगूला कळलं.

चहा जिन्यातच सांडला.

त्यानंतरचं सगळं जोडीने आलं. दवाखान्याच्या दारात दोन गाड्या. एक राजेंद्रची, एक सुहासची. न्यायची रखमा एकटी! शेवटी रखमा राजेंद्रच्या गाडीतून गेली आणि चांगू सुहासच्या गाडीतून. नवरा-बायकोचा शेवटचा प्रवास असा दोन पॅनलमध्ये वाटला गेला. गावात लाकडं दोन ठिकाणांहून आली. हार दोन आले. हेदकोंडच्या फाट्यावर दोन बॅनर लागले, 'भावपूर्ण श्रद्धांजली' असे. दोन्हींवर रखमाचा तोच फोटो, पुतणीच्या हळदीतला, कोपऱ्यात बोराएवढा. बाकी जागेत उमेदवार. आचारसंहितेमुळे चिन्ह छापता येत नव्हतं, म्हणून राजेंद्र फोटोत मिटलेली छत्री घेऊन उभा होता, आणि सुहास अतिशय दुःखी चेहऱ्याने चहा पीत होता.

चांगूने बॅनर पाहिले आणि चुलतभाऊ पांडूला ठासून सांगितलं, "रखमाच्या दिवसांत माझ्या दारात राजकारण येणार नाय. आलं तर मी चांगू नाय!"

"बरोबर हाय," पांडू म्हणाला. संध्याकाळी राजकारण आलं, ओटीवर बसलं, आणि सतरंजी कमी पडली म्हणून पांडूनेच दुसरी आणून दिली.

आता एवढी धावपळ कशासाठी, ते सांगायला हवं. चांगूच्या भावकीची मतं बरीच, आणि ती एका बाजूला पडली तर निकाल फिरतो. पण चांगूकडून कधी कुणाला शब्द मिळाला नाही. कुणीही आला की हा "बघू" म्हणायचा आणि विडी पेटवायचा. शब्द द्यायची ती रखमा. छत्रीवाले आले की त्यांना बसवायची, चहा द्यायची, म्हणायची, "भावोजी, मत तुमालाच!" कपबशीवाले आले की त्यांना बसवायची, चहा द्यायची, म्हणायची, "बाळा, मत तुलाच!" आणि जाताना दोघांनाही दारातला नळ दाखवायची. नळ बसून तीन उन्हाळे झाले होते. त्यातून अजून फक्त मुंग्या आल्या होत्या. राजेंद्र म्हणायचा, "वरून मंजुरी अडकलीय." सुहास म्हणायचा, "मी आलो की पहिलं काम हेच." रखमा दोघांनाही मान डोलवायची आणि हंडा घेऊन विहिरीवर जायची.

गावात बहुतेक घरांत असंच चालायचं. छत्रीवाल्याला लोक 'हा खातो पण ओळखीचा हाय' म्हणायचे आणि कपबशीवाल्याला 'हा खाईल का ते अजून म्हाईत नाय' म्हणायचे. एवढाच दोघांत फरक. पण तोंडावर दोघांनाही हो. फक्त रखमाचं हो लोकांना खरं वाटायचं, कारण तिचा चहा चांगला असायचा.

दहाव्याला सगळे सावित्रीच्या काठी जमले. मुलगा हृतिक मुंबईहून आला होता. तिकडे तो घरोघर जेवण पोचवायच्या गाडीवर आहे. डोकं भादरलेला, ओल्या धोतरातला हृतिक थंडी नसताना कुडकुडत होता. भटजींनी पिंड मांडले. दहा माणसं यावीत तिथे अख्खं गाव आलं होतं, आणि डावीकडे छत्रीवाले, उजवीकडे कपबशीवाले असे उभे होते, जणू मधे रखमाचे पिंड नसून कबड्डीची रेघ आहे.

चांगूने पिशवीतून एक कपबशी काढली, घरून आणलेला चहा तीत ओतला आणि पिंडाशेजारी ठेवली.

"अहो दादा!" राजेंद्रकडचा गणू ओरडला. "हा प्रचार झाला!"

"चहा हाय तो," चांगू म्हणाला. "तिचा राह्यलेला."

"चहाला हरकत नाय. पेल्यात ठेवा! भर दहाव्यात कपबशी म्हणजे काय?"

उजवीकडचे खूश. सुहासने तर कपबशीला हात जोडले! मग वाटाघाटी झाल्या. कप उचलला, नुसती बशी ठेवली. कपबशीवाले म्हणाले, हा चिन्हाचा अपमान. मग बशीही उचलली. चांगू कपबशी हातात धरून उभा राहिला.

ऑक्टोबरचं ऊन. हृतिकच्या ताज्या डोक्यावर ते असं बसलं की पोराचे डोळे फिरायला लागले. पांडूने कुणाचीतरी छत्री घेतली आणि त्याच्या डोक्यावर उघडली.

"बंद कर ती!" उजवीकडून आरडाओरडा. "हा प्रचार नाय तर काय!"

"अरे, पोरगा पडंल!"

"पडू दे! टोपी घाला!"

"बापाचं राज्य असल्यासारखं बोलू नको रे! उन्हाला काय तुझं पॅनल कळतं?"

छत्री मिटली. एवढ्या गोंधळात कावळा कसला येतोय! तो पलीकडच्या करंजावर बसून मान तिरकी करून बघत होता. एखादा निवडणूक निरीक्षक बघतो तसा. नुसतं बघतो, करत काही नाही.

भटजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना पोलादपुरात दुसरं काम होतं. "काही इच्छा राहिली असेल तर बोला बुवा. मनातलं सांगा."

हृतिक पुढे झाला. "आई, बाबांना मी मुंबईला नेईन. माझ्या खोलीवर ठेवीन."

कावळा उडाला आणि आणखी लांबच्या फांदीवर जाऊन बसला. चांगूला मनातून बरं वाटलं.

मग पांडूने गाईचं सांगितलं, कुणी सत्यनारायणाचं सांगितलं. कावळा ढिम्म. चांगू कावळ्यावरची नजर काढीना. बाकी गाव काय म्हणेल त्याची त्याला फिकीर नव्हती. पण बाई काहीतरी मनात ठेवून गेली, आणि ते काय हे आपल्याला ठाऊक नाही, हे त्याला सोसवेना.

तेव्हा राजेंद्र खाकरला. "दादा, मला माहीत आहे काय राहिलंय. वैनींनी मला शब्द दिला होता. मत तुमालाच म्हणून. तो शब्द अडकलाय."

"ए हॅलो!" सुहास पुढे आला. "काकीने शब्द मला दिलावता! गणपतीत! चहा पिऊन!"

"मला शिमग्यात दिला! तुझ्या आधी!"

"म्हणजे माझा लेटेस्ट!"

गाव हसलं. पण चांगू हसला नाही. त्याला ते पटलं! रखमा शब्दाची पक्की होती. कुणाची वाटीभर साखर आणली तर शीग लावून परत करायची. ती शब्द अर्धा ठेवून कशी जाईल?

तो पिंडासमोर मान लववून म्हणाला, "रखमा, तुझा शब्द मी पाळीन. मत छत्रीला देईन."

डावीकडे टाळ्या! कावळा हलला नाही.

"बघा!" सुहास म्हणाला. "काकीला हे मंजूर नाय."

चांगूने घाम पुसला. "बरं गो. मग कपबशीला देईन."

उजवीकडून घोषणा! दहाव्याला! कुणीतरी सवयीने फटाक्याची माळसुद्धा खिशातून काढली, पण आजूबाजूला बघून परत ठेवली. आणि कावळा? त्याने पंख झाडले आणि नदी ओलांडून थेट पलीकडच्या गावाच्या हद्दीत गेला. तिथे निवडणूक नव्हती.

मग जी जुंपली ती जुंपली. गणूने सुहासचा शर्ट धरला, सुहासच्या माणसाने गणूची बंडी धरली. हृतिक मधे पडला आणि त्याचं धोतर सुटायला आलं. चांगूचा आवाज फाटला, "माझ्या बायकोचा दहावा हाय का तुमची सभा? चला, निघा सगळे! वर पानं वाढलीत, जेवा आणि जा!"

जेवणाचं नाव काढताच दोन्ही पॅनलचं एकमत झालं. भटजींनी घाईने दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावायला निघाले.

"नको," चांगू म्हणाला. "गवताच्या कावळ्याला ती काय ओळखायची नाय. तुमी जावा. मी बसतो."

सगळे गेले. चांगूने हातातली कपबशी पुन्हा पिंडाशेजारी ठेवली. चहा निवून वर साय धरली होती. त्याचंही डोकं भादरलेलं होतं आणि ऊन खायला उठलं होतं, म्हणून पांडू विसरून गेलेली छत्री त्याने उघडली. खूप वेळ बसला. पाय मुंगावले. मग म्हणाला, "सगळे जेवायला गेले गो. आता कोण नाय."

कावळा आला. सरळ पिंडावर. चोच घातली, घास उचलला, बशीकडे एकदा बघितलं आणि गेला.

चांगू बघतच राहिला. रखमा जन्मभर अशीच जेवली होती. सगळे उठल्यावर, चूल शेणाने सारवायच्या आधी, एकटी. यात न कळण्यासारखं काय होतं!

एवढ्यात वरून पांडूची हाक. तो बोलवायला आला होता आणि त्याने पाहिलं होतं. पांडूच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही. चांगू घरी पोचेपर्यंत पंगतीत बातमी फिरली होती.

"शिवला! मी या डोळ्यांनी बघितला! दादा छत्री उघडून बसलावता आणि कावळा आला!"

"छत्री!" डावी पंगत उठली.

"आणि शेजारी कपबशी होती!"

"कपबशी!" उजवी पंगत उठली.

"कावळ्याने चहा प्याला का?" सुहासने विचारलं.

"नुसता बघितला."

"बघितला ना? बस्स! इशारा झाला!"

चांगू सांगत होता, "अरे, माणसं गेली म्हणून ती आली..." पण त्याचं ऐकतो कोण! त्या दिवसापासून मतदानापर्यंत हेदकोंडात विकास, रस्ता, नळ यावर कुणी बोललं नाही. वाद एकच, कावळा कुणाचा. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, सावली महत्त्वाची. तरुण पोरं म्हणायची, बशी जवळ होती.

मतदानाला चांगू शाळेत गेला. यंत्रासमोर उभा राहिला. वर छत्री, खाली कपबशी. पिंडासमोर त्याने दोघांनाही शब्द दिलेला. आत एवढा वेळ लागला की अधिकारी म्हणाले, "आजोबा, झालं का? बटण दाबलं की आवाज येईल."

बऱ्याच वेळाने आवाज आला.

बाहेर राजेंद्र हद्दीच्या रेघेपलीकडे उभा होता. "दादा?"

चांगूने विडी काढली नाही. "बघू" म्हणाला नाही. म्हणाला, "तुलाच रे, भावा."

पुढच्या वळणावर सुहास. "काका?"

"तुलाच रे, बाळा."

दोघांचेही चेहरे उजळले. चांगू चालत राहिला. इतकं सोपं होतं तर आपण आयुष्यभर विड्यांवर पैसे का घालवले, असं त्याला वाटलं.

थोड्या मतांनी सुहास आला. गुलाल उधळत मिरवणूक चांगूच्या दारात थांबली आणि सुहासने रखमाच्या फोटोला हार घातला. दुसऱ्या दिवशी राजेंद्र आला, ओटीवर बसून म्हणाला, "दादा, वैनी असत्या तर मी पडलो नसतो." चांगूने दोघांनाही चहा केला. दोन्ही वेळा साखर जास्त पडली.

चांगूने कुठलं बटण दाबलं, ते त्याने पांडूलासुद्धा सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. तो आत उभा राहून एवढंच आठवायचा प्रयत्न करत होता की रखमा दरवेळी कुठलं दाबत असेल. इतक्या निवडणुका दोघं बरोबर चालत शाळेत गेले, बरोबर परत आले. वाटेत पावसाचं बोलले, भाताचं बोलले, हृतिकचं बोलले.

नळाला अजून पाणी आलेलं नाही. आणि रखमाचं मत कुणाला जायचं, ते तिला विचारायचं राहिलं.