दोरीचं टोक

तिने ठरवलं फक्त एवढंच, की टेम्पोत पुढे बसायचं नाही. नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसायचं आणि नव्या घरापर्यंत सामानावर डोळा ठेवायचा. एवढ्याशा ठरवण्यातून काय काय निघणार आहे हे आधी कळलं असतं, तर ती सरळ कपाटात जाऊन बसली असती.

तशी ती काळजीच्या बाबतीत घरात प्रसिद्धच. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत, कुलूप ओढून बघायला फाटकापासून परत. छोटी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायचं. त्या बोटाने छोटी जागी झाली की, "ही झोपत का नाही गं नीट?" म्हणून नवी काळजी. नवरा तिला 'काळजीवाहू सरकार' म्हणायचा. (सरकारं बदलतात, आमचं बदलत नाही, असंही म्हणायचा, पण ती स्वयंपाकघरात असताना.)

घर बदलायच्या दिवशी टेम्पोवाले आले. त्यांना सगळेच मामा म्हणत. मामांनी जड कपाट पुढे केबिनला टेकवून उभं केलं, त्याच्या मागे गाद्या, मग फ्रीज, मग भांड्यांची पोती. पलंगाच्या लांब फळ्या मागून हातभर बाहेर आल्या, त्यांच्या टोकाला लाल फडकं बांधलं. मग वरून दोरीचे वेढे.

"मामा, दोरी जुनी दिसतेय हो."

"जुनी नाही वहिनी, मळकी आहे. मीपण तसाच आहे."

"आणि कपाट कलंडलं तर?"

"कलंडायला जागा लागते. मी ठेवलीय का कुठं?" मामांनी कपाटाला खांदा लावून गदागदा हलवलं. कपाट हललं नाही, टेम्पो हलला. "आणि पुलाच्या अलीकडे मी एकदा थांबणार. चाकं फिरली की सामान बसतं, सामान बसलं की दोरी सैल पडते. उताराला लागण्याआधी परत आवळायची. हा माझा नेमच आहे."

हे ऐकून तिला मामांबद्दल एकदम माया वाटली. जगात परत जाऊन बघणारं आणखी एक माणूस होतं!

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "मामासुद्धा परत बघतात."

"मामा एकदा बघतात," नवरा म्हणाला.

सासूबाई छोटीला मांडीवर घेऊन मामांशेजारी बसल्या. मागून स्कूटर निघाली. चौक ओलांडला नाही तोच ती ओरडली, "अहो, हॉर्न द्या! फळी निसटतेय!"

टेम्पो थांबला. फळी जिथल्या तिथे होती. वाऱ्यावर लाल फडकं तेवढं फडफडत होतं. (फडकंच ते, फडफडणार नाही तर काय करणार?)

पुढच्या खड्ड्यानंतर तिला कपाटाने मान हलवल्यासारखं वाटलं. पुन्हा हॉर्न, पुन्हा टेम्पो बाजूला. कपाटाने मान हलवली नव्हती. मामांनी हलवली.

तिसऱ्यांदा टेम्पो थांबवला, तेव्हा नवऱ्याचा संयम सुटला.

"आता काय?"

"ते दोरीचं टोक बघा ना, लोंबतंय!"

"अगं, दोरीला टोक असणारच! बिनटोकाची दोरी तुझ्या माहेरी बघितलीस का?"

"माहेर मधे आणायचं काम नाही."

"मग टेम्पोत जाऊन बस! त्या टोकाला मांडीवर घेऊन बस!"

"जातेच!" म्हणून ती तणतणत उतरली. नवराही तसाच तणतणत, नवं घर उघडून ठेवतो म्हणून पुढे निघून गेला.

ती खरंच केबिनकडेच निघाली होती. पण वाटेत ते टोक आलं. ते लोंबत होतं. आता एवढं जवळून जातोच आहोत, तर जरा घट्ट करावं, असा साधा विचार करून तिने टोक ओढलं.

मामांची गाठ घट्ट होती, पण सुरगाठ होती. टोक ओढलं की सुटणारी. ती सुर्रकन सुटली.

आणि त्याच क्षणी मामांनी आरशात बघितलं. स्कूटर निघून गेलेली. म्हणजे वहिनींची शंका फिटली, असं समजून त्यांनी गाडी सोडली.

"मामा! मामा, दोरी!"

इंजिनाच्या घरघरीत कोण ऐकतंय? टोक हातात धरून ती चार पावलं धावली, मग टोकही हातातून गेलं. धावताना चपलेचा पट्टा तुटला, म्हणून चप्पल हातात घेतली. सासूबाईंना वाटणार, सूनबाई स्कूटरवर आहे. नवऱ्याला वाटणार, टेम्पोत आहे. फोन पिशवीत, आणि पिशवी सासूबाईंच्या पायाशी.

याचं तिला काही नव्हतं. तिला दिसत होतं ते कपाट. केबिनला टेकून उभं, आणि केबिनमध्ये छोटी. पुलाचा उतार, मामांनी ब्रेक दाबला, सैल कपाट पुढे आलं... जन्मभर नको तिथे काळजी केली, आणि खऱ्या काळजीची वेळ आणली कुणी? तिनेच.

मागून पाण्याचा टँकर आला. चप्पल हवेत नाचवत ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"काय झालं हो ताई?"

"माझा टेम्पो! कपाट! माझी मुलगी!"

"मुलगी कपाटात आहे?"

"नाही हो! कपाट टेम्पोत, मुलगी पुढे, आणि दोरी सुटलीय! मीच सोडली!"

"का?"

"घट्ट करायला!"

टँकरवाल्याने पुढे काही विचारलं नाही. लग्न झालेला असावा. त्याने दार उघडलं.

"जरा लवकर चला," ती म्हणाली. त्याने वेग वाढवला तशी लगेच, "अहो हळू! मागे पाणी हिंदकळतंय!"

"ताई, दोन्हीतलं एक काहीतरी सांगा."

तिने तोंडाला पदर लावला. डोळ्यांपुढे एकच, पूल. मामा थांबतो म्हणाले होते. नेम आहे म्हणाले होते. पण आज एवढ्या वेळा थांबून झाल्यावर कुठला माणूस पुन्हा थांबेल? 'आज बघून बघून झालंय' म्हणून ते तसेच पुढे गेले तर?

वळण आलं. वळणापुढे पूल. आणि पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, ते लाल फडकं.

टँकर पुरता थांबायच्या आत तिने उडी टाकली. मामा चाकावर उभे राहून दोरी आवळत होते. तिने केबिनचं दार उघडलं. छोटी आजीच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपली होती. सवयीने बोट तिच्या नाकाशी गेलं, उबदार वारा लागला, आणि जीव भांड्यात पडला. (भांडी पोत्यात बांधलेली होती, तरी पडला.) आणि आज पहिल्यांदाच, छोटी जागी व्हायच्या आत तिने बोट काढून घेतलं.

"अगं, तू इथे कशी?" सासूबाई म्हणाल्या. "तू तर स्कूटरवर होतीस ना? बाई बाई, मघापासून कुणी ओरडलं नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता."

मागून मामांचा आवाज आला. "वहिनी, मागची दोरी पार सुटली होती. नशीब, गाद्यांनी कपाट धरून ठेवलं. पण माझी गाठ अशी आपोआप सुटत नाही. कुणीतरी हात लावलाय."

"काय लोक तरी," ती म्हणाली. "हात लावल्याशिवाय चैन पडत नाही."

मामांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या एका अनवाणी पायाकडे बघितलं, आणि शेवटच्या गाठीचं टोक वेढ्याच्या आत खोल खोचून टाकलं. तिच्या हाताला लागणार नाही असं.

पूल उतरताना ती छोटीला घट्ट धरून बसली होती. तिने एकदाही मागे बघितलं नाही. यातलं नवऱ्याला काही सांगायचं नाही, एवढं मात्र मनाशी पक्कं केलं.

नवरा नव्या घराच्या दारात छाती फुगवून उभा होता. टेम्पोभोवती चक्कर मारून म्हणाला, "बघ! सगळं सामान आलं. वाटेत एक वस्तू पडली नाही! उगाच काळजी करत असतेस."

"हो ना," ती गरिबासारखी म्हणाली.

तेवढ्यात टेम्पोच्या मागोमाग आलेला टँकर हॉर्न वाजवत थांबला. खिडकीतून एक हात बाहेर आला. हातात चप्पल.

"भाऊ, तुमच्या टेम्पोतल्या ताईंची आहे. माझ्या गाडीत राहिली."

नवऱ्याने चप्पल उलटसुलट करून पाहिली. मग तिचा धुळीने माखलेला पाय पाहिला. मग टँकर पाहिला. त्याला कळायला वेळ लागला, पण कळलं.

"म्हणजे सगळं सामान आलं," तो सावकाश म्हणाला, "आणि बायको तेवढी वाटेत पडली?"

"पडले नाही काही! उतरले होते. तपासायला."

मामा फळ्यांवरचं लाल फडकं सोडत होते. ते झटकून घडी करत म्हणाले, "काळजी नको भाऊ. पुढच्या खेपेला वहिनींना दोन गाद्यांच्या मधे ठेवू. वरून दोन वेढे, आणि हे त्यांच्याच हातात देऊ. फडकवायला."