एक तास तरी

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आई ओट्यापाशी पडली. तिचा उजवा हात आणि उजवा पाय गेला. दवाखान्यातून घरी आणल्यावर बाबा तिच्या खाटेपाशी बसले आणि त्यांनी विचारलं, "गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केलं का?"

शेजारच्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबल्या. या माणसाला डोकं आहे की नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मला मात्र भीती वाटली. बाबा हा प्रश्न का विचारतात, ते मला ठाऊक होतं.

बाबा जिल्ह्याच्या सांख्यिकी कचेरीत होते. घरोघरी जाऊन कोण काय काम करतं ते टिपायचं, ही त्यांची नोकरी. आम्ही घरात अहिराणी बोलतो, पण कामाचा विषय निघाला की बाबा कचेरीच्या मराठीत शिरत. पाहुण्यांपुढे चहाच्या आधी व्याख्या येई. आठवड्यात एक तास काम केलं, तो रोजगारात. काम नाही पण शोधतोय, तो बेरोजगार. काम नाही आणि शोधतही नाही, तो श्रमशक्तीबाहेर. माझा मावसभाऊ पदवी घेऊन घरी बसला तेव्हा मावशी डोळे पुसत म्हणाली, "पोऱ्या बेकार शे, भाऊजी." बाबा गंभीरपणे म्हणाले, "नाही. बेरोजगार व्हायला काम शोधावं लागतं. तो अजून तिथवर पोहोचलेला नाही." मावशी पुष्कळ दिवस आमच्याकडे फिरकली नाही.

कोपऱ्यावरच्या भज्यांच्या गाडीला ते आस्थापना म्हणत. चाकं असली म्हणून काय झालं, व्यवसाय चालतो ना? संध्याकाळी पिशवी घेऊन निघताना सांगायचे, "आस्थापनेत जाऊन येतो." गाडीवाल्याला तो शब्द इतका आवडला की तो आपल्या बायकोलाही तसंच सांगू लागला.

'श्रमशक्तीबाहेर' हा शब्द मात्र ते हळू उच्चारत. नोकरीच्या सुरुवातीला तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यात चुलीपाशी बसलेल्या म्हातारीच्या नावापुढे त्यांनी तो लिहिला होता. पुढच्या फेरीला गेले तर म्हातारी नव्हती. मग रनाळ्याला एका आजोबांचं तसंच झालं. म्हातारी माणसं जातात, हे बाबांना कळत होतं. तरी त्यांच्या मनानं घेतलं ते घेतलंच. आपण बाहेर लिहिलं की माणूस बाहेर जातो.

त्यानंतर ते कुणालाच सहज बाहेर सोडीनात. खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याला विचारत, "कोंबड्या हाकलल्या का?" हो म्हणाला की, "अंडी विकता ना? मग झालं." नवापूरच्या डोंगरात एका आजीला मोहाची फुलं वेचल्याचं आठवेपर्यंत ते उन्हात उभे राहिले. साहेब एकदा म्हणाले, "तुमच्या गावांत माणसं म्हातारी होतच नाहीत का हो?" बाबा म्हणाले, "होतात साहेब. पण कामात असताना होतात."

आणि खरी अडचण घरातच होती. स्वयंपाक, धुणंभांडी, आजी होती तोवर तिचं दुखणंखुपणं, हे त्यांच्या व्याख्येत काम नव्हतं. म्हणजे आई बाहेर. म्हणून बाबा दर आठवड्याला मिरची वाळवतात त्या पथारीवरून लाल मिरचीची टोपली मजुरीवर आणत आणि आई देठ खुडू लागली की घड्याळ पाहत. पदराला हात पुसत आई म्हणायची, "सकायपाइन राबस ते काम नही, आन् हाई काम शे?"

"व्याख्या मी केलेली नाही," बाबा म्हणत.

"मंग ज्यानी कयी त्याले आथा धाड. भाकरी टाकाले लावस."

आई पडल्यावर टोपली पुन्हा आली. बाबा एकेक मिरची शेपटाकडून धरून ठेवत आणि आई डाव्या हातानं देठ मोडी. कधी देठ मोडे, कधी मिरची. मग तिला खोकला सुरू झाला आणि डॉक्टरांनी मिरची बंद केली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठूनशी एक बकरी आणून अंगणात, खाटेवरून दिसेल अशी बांधली. दूध शेजारी विकायचं ठरलं. आईनं बकरीवर लक्ष ठेवायचं. पशुपालन.

"मी तिले राखस का ती माले?" आई म्हणाली. तिची जीभ जड झाली होती, तरी बाबा हसले.

माझ्यातही ती भीती उतरली. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावता लावता मी घरी फोन करून विचारायची, "आई बघतेय ना बकरीकडे?" एका दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. तिचे डोळे मिटलेले होते. बाबांची पावलं वाजली तशी तिनं मान अंगणाकडे वळवली आणि डोळे उघडले. ते आत गेल्यावर मला म्हणाली, "माले काहीच दखात नही आते. त्यासले नको सांगजो. त्यासले भ्याव वाटस."

मी सांगितलं नाही. पण बाबांनी आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचले होते.

होळीच्या आधी, गल्लीतली मंडळी काठी गावच्या होळीला जायच्या तयारीत असताना, बाबांनी बकरी सोडली आणि शेजारी देऊन टाकली. मग आईच्या खाटेवर बसले. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता ते विचारतील. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि तिचा उजवा हात, निर्जीव झालेला, मांडीवर घेतला.

"आते काहीच करू नको," ते म्हणाले. "गैरं काम कयं तू, जलमभर. आराम कर."

तिनं डोळे मिटले. बाबांनी हात सोडला नाही.

आई धुळवडीच्या दिवशी गेली.

घरात आता बाबा आणि मी आहोत. भाकरी बाबा टाकतात. एक तास तरी काम केलं का, हे ते मला कधीच विचारत नाहीत.